अंडे तपकिरी का व पांढरे का?

शहापूरच्या किंवा मुरबाडच्या आठवडे बाजारात भाजीवाल्यांची रांग संपते तेथे, थोड्याशा आडोशाला, चार-दोन ठाकरीण नाही तर कातकरीण बाया भाताच्या तुसात अंडी ठेवून बसलेल्या असतात. अंडी थोडीच, एकीजवळ आठ, दुसरीजवळ पंधरा. आकाराने लहान, रंगाने दुधी, एखादे फिकट बदामी, एखादे जवळजवळ पांढरेच. शहरातून आलेले गृहस्थ टोपलीवर वाकून पाहतात आणि त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "गावठी ना? मग इतकी फिकी कशी?" बाई सांगते, "घरच्या कोंबड्यांचीच हायेत, शेठ." शेठचे समाधान होत नाही. पलीकडच्या दुकानात एकसारख्या आकाराची, चांगली पिंगट तपकिरी अंडी मांडलेली असतात. तीच त्यांना 'अस्सल गावठी' वाटतात, आणि त्यांसाठी चार पैसे जास्त मोजून ते समाधानाने घरी जातात.

वस्तुस्थिती बहुधा नेमकी उलट असते. टोपलीतील फिकट अंडे खरोखरच अंगणात चरणाऱ्या कोंबडीचे असते, आणि दुकानातील तपकिरी अंडे पुष्कळदा पिंजऱ्यातल्या किंवा मोठ्या शेडमधल्या, विकतचे खाद्य खाणाऱ्या कोंबडीचे असते. यात दुकानदाराने खोटे सांगितलेच पाहिजे असेही नाही. ग्राहक आपल्याच डोळ्यांवर विश्वास ठेवून फसतो. पांढरे अंडे कारखानी आणि तपकिरी अंडे गावठी, असे एक समीकरण शहरातील सुशिक्षित घरांतून पक्के होऊन बसले आहे. ज्या घरांत दोन पिढ्यांपूर्वी अंडे केवळ डॉक्टरांच्या सांगण्यावरून, आणि तेही मागच्या दाराने येत असे, त्या घरांतही आता तपकिरी अंड्यांचा आग्रह धरला जातो. तेव्हा टरफलाला रंग येतो कोठून आणि तो काय सांगतो, हे एकदा नीट समजून घेणे इष्ट आहे.

अंडे तयार होण्यास साधारण 24 ते 26 तास लागतात. कोंबडीच्या बीजांडकोशातून पिवळा बलक सुटतो व अंडवाहिनीत उतरतो. ही वाहिनी म्हणजे वळणावळणाची एक लांब नळीच होय. तिच्या पहिल्या भागात सुमारे तीन तासांत बलकाभोवती पांढरा बलक गुंडाळला जातो. पुढच्या भागात तासा-सव्वातासात टरफलाच्या आतील दोन पातळ पापुद्रे चढतात. आणि मग ते मऊ, पिशवीसारखे अंडे नळीच्या शेवटच्या रुंद भागात येऊन पडते. तेथे त्याचा मुक्काम सर्वांत लांब, म्हणजे सुमारे वीस तासांचा. या मुक्कामात त्यावर टरफल बांधले जाते. टरफल म्हणजे जवळजवळ सारी चुनखडीच. शंभर भागांत चौऱ्याण्णव-पंचाण्णव भाग तीच असते. एका टरफलात सुमारे 2 ग्रॅम कॅल्शियम असते, आणि कोंबडीच्या सबंध शरीरात ते सुमारे 20 ग्रॅम असते. म्हणजे प्रत्येक अंड्यामागे ती आपल्या अंगातील कॅल्शियमच्या दहाव्या हिश्शाइतका साठा बाहेर टाकते. शिवाय टरफलाचे काम बरेचसे रात्री, ती उपाशी झोपलेली असताना चालते. तेव्हा दिवसा खाल्लेला चुना पुरला नाही, तर आपल्या हाडांतून काढून ती टरफल पुरे करते. खेड्यातली कोंबडी गोगलगाईंचे शंख, शिंपल्यांचे तुकडे आणि भिंतीच्या चुन्याचे पोपडे टोचीत हिंडते ते उगाच नव्हे.

चुनखडी स्वतः पांढरी. म्हणून रंग न चढविल्यास प्रत्येक अंडे पांढरेच निघावे, आणि लेगहॉर्न जातीच्या कोंबडीचे तसे निघतेही. तपकिरी अंडे घालणारी कोंबडी या पांढऱ्या बांधकामावर शेवटी रंगाचा हात फिरवते, एवढाच काय तो फरक. हा रंग टरफल बांधणाऱ्या भागातील पेशीच तयार करतात आणि त्याचा बराचसा भाग अंडे बाहेर पडण्यापूर्वीच्या शेवटच्या काही तासांत, टरफलाच्या वरच्या थरांत व त्यावरील अतिसूक्ष्म आवरणात उतरतो. याचा पुरावा स्वयंपाकघरातच मिळतो. तपकिरी अंडे फोडून टरफलाची आतली बाजू पाहावी. ती पांढरी दिसते. खुराड्यातून नुकतेच पडलेले, अजून ओलसर असलेले अंडे बोटाने चोळले, तर क्वचित रंग बोटाला लागतोही. एकदा वाळला की मात्र तो पाण्याने जात नाही.

या तपकिरी द्रव्याचे नाव प्रोटोपॉर्फिरिन. आपल्या रक्ताला लाल रंग देणारे जे द्रव्य, ते तयार होताना शरीर आधी हेच प्रोटोपॉर्फिरिन बनवते आणि मग त्यात लोह बसवते. लोह बसले की रक्ताचा लाल रंग. न बसवता तसेच टरफलावर टाकले की अंड्याचा तपकिरी रंग. दुसरेही एक द्रव्य आहे, ते निळसर हिरवे. रक्तातील लाल द्रव्य जुने होऊन मोडते तेव्हा त्यापासून बिलिव्हर्डिन नावाचा हिरवा पदार्थ होतो. मार लागून काळीनिळी झालेली कातडी काही दिवसांनी हिरवट दिसू लागते, ती याच पदार्थामुळे. म्हणजे एक रंग रक्तद्रव्याच्या घडणीतला, दुसरा त्याच्या मोडणीतला. आणि जगातील पक्ष्यांच्या अंड्यांवर जेवढे म्हणून रंग दिसतात, ते सारे मुख्यतः या दोहोंच्या कमीअधिक मिश्रणातून निघतात. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने तर हेच दोन रंग काही डायनोसॉरांच्या अंड्यांच्या अवशेषांतही दाखवून दिले. पक्षी निर्माण होण्यापूर्वीच ही रंगपेटी तयार होती, असे त्यावरून म्हणावे लागते.

तिचा उपयोग पाहण्यास शहापूरच्या रानासारखी जागा नाही. टिटवी उघड्या माळावर, खडे-ढेकळांत अंडी घालते. ती इतकी मातकट व ठिपकेदार असतात की नांगर धरणाऱ्याचा पाय अगदी जवळ येईतो ती दिसत नाहीत. पोपट, पिंगळा, खंड्या हे ढोलीत किंवा बिळात अंडी घालतात. तेथे लपविण्याची गरज नाही, म्हणून त्यांची अंडी पांढरी. सातभाईची अंडी निळीभोर. आणि पावसाळ्याच्या तोंडाला ज्याची हाक ऐकून शेतकरी पेरणीची आठवण काढतो, त्या पावशाची मादी आपले अंडे चोरून सातभाईच्या घरट्यात घालते, तेही निळेच! दुसऱ्याच्या घरी पोर वाढवावयाचे, तर अंड्याचा रंग जुळलाच पाहिजे.

कोंबडीच्या बाबतीत ही रानातली गरज कधीच संपली आहे. घरातील कोंबड्यांचा मूळ पूर्वज म्हणजे ब्रह्मदेश, सयाम व दक्षिण चीन या बाजूचा तांबडा रानकोंबडा. माळशेजच्या घाटात पहाटे ओरडणारा आपला रानकोंबडा वेगळा, करड्या रंगाचा. पण त्याचाही थोडा अंश घरच्या कोंबडीत उतरलेला आहे. तिच्या पायांच्या व कातडीच्या पिवळेपणाचे मूळ त्याच्याकडे जाते, हे 2008 साली सिद्ध झाले. दोन्ही रानकोंबड्यांची अंडी फिकट बदामी, मळकट दुधी अशी असतात. अर्थात आपली गावठी कोंबडी जे अंडे घालते, ते तिच्या रानातल्या पूर्वजांच्या अंड्याच्या फार जवळचे आहे. दोन्ही टोके, म्हणजे अगदी शुभ्र पांढरे अंडे आणि गडद तपकिरी अंडे, माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवड करून तयार केली.

शुभ्र अंड्याची लेगहॉर्न कोंबडी इटलीची. लिव्होर्नो बंदरावरून तिला हे नाव पडले. तपकिरी अंड्याची ऱ्होड आयलंड रेड ही अमेरिकेत तयार झाली, पण तिच्या घडणीत मलाया व चीनकडील आशियाई कोंबड्यांचे रक्त मिसळलेले आहे. आपल्याकडील मोठ्या कोंबडीपालनाचा पाया लेगहॉर्नच्या वंशावर घातला गेला. कोंबडी अंगाने लहान, खाते कमी, वर्षाला 300 च्या वर अंडी देते, आणि खुडूक होऊन बसत नाही. पुण्याच्या वेंकटेश्वरा हॅचरीजने हा व्यवसाय 1971 नंतर देशभर वाढविला आणि 1982 साली अंडी उत्पादकांची राष्ट्रीय समन्वय समिती स्थापन झाली. त्यामुळे शहरातील दुकानात पांढरे अंडे येऊन पडले. पांढरे अंडे 'कारखान्याचे' ठरले ते एवढ्याच कारणाने. इंग्लंडात गोष्ट उलटी आहे. तेथील मोठमोठ्या शेडमध्ये अनेक वर्षे मुख्यतः तपकिरी अंड्यांच्याच कोंबड्या ठेवल्या गेल्या, तेव्हा तेथे तपकिरी अंडे पाहून कोणाला खेडेगाव आठवण्याचे कारण नाही. अमेरिकेत तर न्यू इंग्लंडचे लोक तपकिरी अंड्याचा आग्रह धरीत आणि शेजारच्या न्यूयॉर्कचे लोक पांढऱ्याचा. दोघांनाही आपलेच अंडे ताजे वाटे.

आतील माल मात्र रंगावरून बदलत नाही. कोंबडीचे खाद्य व वय सारखे असेल, तर पांढऱ्या व तपकिरी अंड्यांच्या पोषणमूल्यात लक्षात घेण्याजोगा भेद आढळत नाही. पिवळ्या बलकाचा रंग हा निराळाच प्रश्न आहे. तो खाद्यावर अवलंबून असतो : हिरवा पाला, पिवळा मका मिळाला की बलक केशरी होतो. म्हणून अंगणात चरलेल्या कोंबडीचे लहानसे फिकट अंडे फोडले, तर आत बहुधा चांगला गर्द बलक निघतो. पण तेथेही सावध राहावे. झेंडूच्या पाकळ्यांचा अर्क खाद्यात घालून पिंजऱ्यातल्या कोंबडीच्या बलकालाही हवा तसा रंग आणता येतो. तपकिरी अंडे महाग पडते याचे एक साधे कारण असे की, ते घालणाऱ्या पुष्कळ जाती अंगाने भारी असतात व तेवढ्याच अंड्यांसाठी जास्त दाणा खातात.

कोंबडीची पिसे पाहून अंड्याचा रंग सांगता येत नाही. काळ्या मांसाच्या कडकनाथ कोंबडीचे अंडे काळे असते अशी एक समजूत पसरलेली आहे, आणि तिचा फायदा घेणारेही निघतात. झाबुआच्या या कोंबडीला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळाले; तिची पिसे काळी, तुरा काळपट, जीभदेखील काळपट; परंतु अंडे मात्र फिकट बदामी. कानाची पाळी पाहून अंदाज बांधण्याची रीत त्यापेक्षा बरी. पांढऱ्या पाळीची कोंबडी पांढरे अंडे घालते व तांबड्या पाळीची तपकिरी, हे पुष्कळ जातींत खरे ठरते, सर्वांत मात्र नाही. पाळीच्या रंगाने अंडे रंगत नाही. काही जातींत या दोन गोष्टी वंशपरंपरेने बरोबर चालत आल्या, इतकेच.

वंशपरंपरेचा विषय निघाला म्हणून निळ्या अंड्याची हकीकत सांगणे योग्य होईल. दक्षिण अमेरिकेतील चिली देशात अराउकाना नावाची कोंबडी आहे, तिचे अंडे निळे असते. केंब्रिजचे प्राध्यापक पनेट यांनी 1933 साली दाखविले की, हा निळा रंग एकाच प्रबळ आनुवंशिक घटकाने उतरतो. आई किंवा बाप यांपैकी एकाकडून आला तरी पुरतो. तो घटक कोणता, हे कळावयास पुढे ऐंशी वर्षे जावी लागली. 2013 साली असे आढळले की, फार पूर्वी एका विषाणूचा तुकडा या कोंबडीच्या आनुवंशिक द्रव्यात शिरून कायमचा बसला आणि त्याच्या शेजारच्या घटकाला त्याने टरफल बांधणाऱ्या जागी कामाला लावले. त्यामुळे बिलिव्हर्डिन टरफलात उतरू लागले. चीनमधील निळ्या अंड्यांच्या एका कोंबडीतही हेच घडले आहे, पण स्वतंत्रपणे. निळा रंग टरफलात आरपार असतो, तपकिरीसारखा वरवरचा नसतो. आणि निळ्यावर तपकिरी हात फिरला की अंडे शेवाळी दिसते. तपकिरी रंगाचे प्रकरण इतके सरळ नाही. त्याला अनेक घटक हातभार लावतात, म्हणून पांढऱ्या व तपकिरी अंड्यांच्या वंशांचा संकर झाला की अधलेमधले सारे रंग निघतात. गावठी कळपातील दहा कोंबड्यांची दहा अंडी दहा छटांची दिसतात ती यामुळे, आणि खऱ्या गावठी अंड्यांची काही खूण सांगावयाचीच तर ती हा विसंगतपणा होय. एका छापाची तीस अंडी एका अंगणातून निघत नाहीत.

एकच कोंबडी मात्र सहसा जन्मभर एकाच रंगाची अंडी घालते. तिने लाल माठ खाल्ला म्हणून अंडे तांबूस होत नाही. फरक पडतो तो गडदपणात. तलंगेची पहिली अंडी लहान व गडद असतात. वय वाढते तसे अंडे मोठे होते, रंग तेवढाच राहतो, आणि तो जास्त जागेवर पसरल्यामुळे फिकट दिसतो. कुत्रे अंगावर आले, मुंगूस खुराड्याशी घुटमळले, म्हणजे भ्यालेली कोंबडी तयार अंडे आत अडवून धरते. त्या अवधीत रंगावर चुन्याचा आणखी एक पातळ थर बसतो आणि अंडे पांढुरके, भुकटी लावल्यासारखे बाहेर येते. रक्ती हगवणीवर मांसासाठी वाढविलेल्या कोंबड्यांना देतात ते निकार्बाझिन नावाचे औषध चुकून तपकिरी अंड्यांच्या कोंबडीच्या खाण्यात गेले, तर एका दिवसात तिची अंडी फिकी पडतात.

येथे रंगाकडे पाहण्याचे एक महत्त्वाचे कारण निघते, आणि ते विकत घेणाऱ्यापेक्षा पाळणाऱ्याच्या कामाचे आहे. तपकिरी अंडी देणाऱ्या कळपाचा रंग एकाएकी उतरला, टरफले मऊ किंवा खडबडीत येऊ लागली, तर तो रोगाचा इशारा असू शकतो. राणीखेत रोगात, ज्याला आपल्या खेड्यांतून मानमोडी म्हणतात, तसेच श्वासनलिकेच्या काही साथींत असे होते. कारण रोग टरफल बांधणाऱ्या पेशींवरच आघात करतो. शहापूर तालुक्याला साथीचा अर्थ नव्याने सांगावयास नको. फेब्रुवारी 2022 मध्ये वेहळोली येथे कोंबड्या मेल्या, बर्ड फ्लू असल्याचे निष्पन्न झाले, आणि आसपासचे हजारो पक्षी नष्ट करावे लागले. ज्या घरात आठ कोंबड्या हीच मीठमिरचीची व वह्यापुस्तकांची पुंजी असते, तेथे अंडे फिके पडलेले दोन दिवस आधी लक्षात आले, तर पशुवैद्याकडे धाव घेता येते.

शहरातील ग्राहकाच्या आवडीमुळे मात्र फिकेपणाचा भलताच अर्थ लावला जातो. तपकिरी अंड्याला भाव जास्त, म्हणून पांढरी अंडी चहाच्या पाण्यात बुडवून 'गावठी' म्हणून विकण्याचे प्रकारही होतात. अशी शंका आल्यास अंडे अंधारात नोटा तपासण्याच्या जांभळ्या दिव्याखाली धरावे. प्रोटोपॉर्फिरिनला त्या प्रकाशात तांबडी चमक येते, चहाच्या डागाला ती येत नाही. अंडे नैसर्गिक तपकिरी आहे एवढेच यावरून कळेल; ते अंगणातले की शेडमधले, हे दिव्याला ठाऊक नसते.

या लबाडीपेक्षाही विचार करण्याजोगा परिणाम दुसरा आहे. बाजारात फिकट अंडे नाकारले गेले की, बाई पुढच्या खेपेस वनराजा, गिरिराजा असली सुधारलेली पिले आणते. हैदराबाद व बंगळूर येथील शास्त्रज्ञांनी अंगणात पाळण्यासाठीच तयार केलेल्या या जाती आहेत. अंडी तपकिरी, मोठी, आणि संख्येने गावठीच्या दुप्पट-तिप्पट. गावठी कोंबडी वर्षाला कशीबशी पन्नास-साठ अंडी देते, तीही चाळीसेक ग्रॅमची. तेव्हा बाईची निवड चूक म्हणता येत नाही. पण वनराजा कोंबडी सहसा खुडूक होत नाही. तिच्या अंड्यांतून पिले हवी असतील, तर कोणीतरी एकवीस दिवस त्यांवर बसावयास हवे, उन्हात-पावसात पिलांना पंखाखाली घ्यावयास हवे, घारीची सावली पडताच त्यांना हाकारावयास हवे. ते काम येते त्या लहानखुऱ्या, फिकट अंड्याच्या गावठी कोंबडीलाच. म्हणून मुरबाडकडच्या पाड्यांवर शहाणी घरे बाजारासाठी तपकिरी अंड्यांच्या कोंबड्या बाळगतात आणि एक गावठी कोंबडी मुद्दाम राखून ठेवतात. ती खुडूक झाली की डालग्याखाली भाताचा पेंढा घालून तिच्या पोटाशी वनराजाची दहा-बारा तपकिरी अंडी सारतात, आणि ती आपली म्हणून उबवते.